लुगड्याचा तुकडा घेऊन इचलकरंजीला

पहिला दिवस, सोमवार

स्वारगेटहून सकाळची एसटी. वहिनीनं खिडकी पकडली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. पिशवीत एक भिंग, पोलादी मोजपट्टी, धुतल्यावरही न जाणाऱ्या शाईचं पेन, औषधाच्या दुकानातून आणलेली बेटाडिनची बाटली आणि आजीच्या लुगड्याचा दीड हात तुकडा. कंडक्टरनं पिशवीकडे बघून विचारलं, "दवाखान्यात निघाला काय?"

आम्ही दोघी नणंद-भावजय बाळंतविडे शिवतो. झबली, टोपडी, कुंच्या, लंगोट, दुपटी. तीन वर्षं ओळखीपाळखीत खपत होते. आता एका दुकानानं दर महिन्याला माल मागितलाय, आणि म्युनिकला राहणाऱ्या मावसभावाच्या बायकोनं तिथल्या मराठी मंडळातून चौकशी केलीय. कापड आजवर पेठेतल्या दुकानातून, हाताला मऊ लागेल ते घ्यायचो. दिवाळीत त्याची शिक्षा मिळाली. लाल बुट्ट्यांच्या दुपट्यांचा एक गठ्ठा असा निघाला की पहिल्याच धुण्यात सोबतची पांढरी झबली गुलाबी झाली. दुसऱ्या गठ्ठ्यात दुपट्याचे दोन थर कमीजास्त आटले आणि चौकोनी दुपट्याची खाजाची करंजी झाली. दुकानदार म्हणाला, "कॉटन आहे ताई, एवढं चालतंच." सतरा गिऱ्हाइकांना पैसे परत दिले. त्यानंतर ठरवलं, कापड मुळापासून बघायचं.

लुगड्याचा तुकडा कशाला? तर आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. बारशापर्यंत आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी. मी लहानपणी ही काटकसर समजायचे. पण दहा-बारा वर्षं धुतलेल्या सुती लुगड्यात खळ उरलेली नसते, सुटा रंग उरलेला नसतो, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. आता बाळंतविडा विकत घेणाऱ्या घरात लुगडीच नाहीत. म्हणजे दहा वर्षांच्या धुण्याचं काम आम्हाला कारखान्यातून एका आठवड्यात करून घ्यायचंय.

कऱ्हाडला भजी, पेठ नाक्याच्या पुढे झोप. दुपारी इचलकरंजीत उतरलो तर वहिनीचे मामा स्टँडवर उभे. चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की हाक ज्याला जाते तो माणूस. कानानं आता कमी ऐकू येतं. ते इथल्या सगळ्याच जुन्या माणसांना येतं.

दुसरा दिवस, मंगळवार

सकाळी मामांबरोबर एका शेडवर. खाली माग, वर मालकाचं घर, अशी इथली रीत. बोळात शिरल्यापासूनच खडखडाट सुरू होतो आणि दारातून आत गेलं की बोलणं संपतं, मग खुणा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये या गावात पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्याला आधार दिला. आज गल्लीगल्लीत माग आहेत. या शेडमध्ये चोवीस साधे माग, धोट्याचे. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. शेजारच्या नव्या शेडमध्ये धोटा नसलेले रेपियर. मालक खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आणि मजुरी यांची.

बाहेर कट्ट्यावर बसून मामांनी शब्द शिकवले. कापडाची जात चार आकड्यांत सांगतात. "साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी" म्हणजे ताणा (उभं सूत) ६० काऊंटचा, बाणा (आडवं सूत) ६० चा, इंचात ९२ उभे धागे आणि ८८ आडवे. हेच आपलं कॅम्ब्रिक, झबल्यांचं कापड. काऊंट म्हणजे एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या लडी किती, तो आकडा. जितका मोठा तितकं सूत बारीक. हे आकडे हातात आले की कापडाचं वजन घरी बसून काढता येतं: ९२ भागिले ६०, अधिक ८८ भागिले ६०, गुणिले २३.२५. आलं ७० च्या आसपास. धागा सरळ जात नाही, वरखाली वळसे घेतो, म्हणून चार-पाच टक्के वाढवायचे. चौरस मीटरला ७३ ग्रॅम धरा.

मग मी पुण्यात घेतलेलं कापड काढलं, ज्याच्या बिलावर हेच चार आकडे लिहिले होते. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग कापडावर ठेवलं आणि सुईचं टोक एकेका धाग्यावरून पुढे नेत मोजायला लागले. ओठ हलत होते. मध्ये चहावाला पोरगा आला, त्याला हातानंच थांबवलं. उभे ९२ बरोबर भरले. आडवे मोजले, पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा दुसऱ्या जागी मोजले.

"ऐंशी," मामा म्हणाले. "आठ पीक खाल्ल्यात." पीक म्हणजे बाण्याचा एकेक आडवा धागा.

"आठानं काय होतं?" वहिनी.

"मागावर चल, दाखवतो."

साधा माग मिनिटाला साधारण दीडशे वेळा धोटा फेकतो. इंचात ८८ पीक म्हणजे मीटरभर कापडाला जवळपास ३,४६५ फेरे. कुठेही न थांबता तेवीस मिनिटं. ८० पीक ठेवले की एकवीस. दर मीटरला दोन मिनिटं वाचली, बाण्याचं सूत नऊ टक्के वाचलं आणि विणकराची मजुरी पिकावर असते, तीही तेवढी वाचली. गिऱ्हाइकाला हातात काही कळत नाही. धुतलं की कळतं, कापड जाळीसारखं सैल पडतं आणि शिवणीपाशी धागे सरकतात. मी त्या तेवीस मिनिटांत अडकले. एका मीटरमध्ये दोन झबली बसतात. दुकानात आम्ही भाव पाडून मागत होतो तेव्हा हे तेवीस मिनिटांचं गणित कोणी मनात धरलं होतं?

आजीच्या लुगड्याचा तुकडा मामांनी सगळ्यात शेवटी घेतला. भिंग लावायच्या आधी गालाला लावला. मग मोजला: उभे ७२, आडवे ६०. म्हणजे नव्या कॅम्ब्रिकपेक्षा विरळ. "सूत पन जाडंच हाय," म्हणाले. "मग मऊ कसं?" मी विचारलं. "घासून," एवढंच.

शेडच्या कोपऱ्यात एक मावशी बीमवरचे, म्हणजे ताण्याच्या मोठ्या रिळावरचे, धागे वहीतून (मागावर धागे वरखाली करणारी चौकट) आणि फणीतून ओवत बसल्या होत्या. वहिफणीचं काम. दिवसभर एकेक धागा. त्यांचा धागा चुकला तर पुढचं सगळं कापड चुकणार. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले आणि वहिनी म्हणाली, जेवायची वेळ झाली. मामींनी पांढरा रस्सा केला होता. त्याबद्दल लिहायला बसले तर कापड राहील.

तिसरा दिवस, बुधवार

मागावरून उतरतं ते ग्रे कापड. मळकट पिवळसर, पुठ्ठ्यासारखं कडक. ताण्याच्या धाग्याला मागाचा मार सोसावा म्हणून सायझिंगमध्ये खळ चढवलेली असते. ती काढल्याशिवाय कापड पाणी पीत नाही. काल रात्री लॉजवर आम्ही बेटाडिनचा प्रयोग केला. ग्रे कापडावर थेंब टाकला, क्षणात काळानिळा. स्टार्च असला की आयोडिन निळं होतं हे शाळेत बटाट्यावर केलेलं. मग पेठेतल्या त्या "धुऊन तयार" कॅम्ब्रिकवर टाकला. तेही निळं! म्हणजे आठ पीक कमी करून घटलेलं वजन आणि अंग वरून खळ देऊन भरून काढलं होतं. आजीच्या तुकड्यावर थेंब टाकायचं धाडस झालं नाही. बेटाडिनचा डाग पडतो.

आज प्रोसेस हाऊस. भट्टीची गरमी, वाफ आणि कॉस्टिकचा वास. तिथले केमिस्ट, साहेब कमी आणि मास्तर जास्त, त्यांनी कापडाच्या मागे मागे चालवलं. आधी ज्योतीवरून झपकन नेऊन वरची लव जाळतात. मग एंझाइम लावून खळ पचवतात. मग कॉस्टिक सोड्यात उकळून कापसाचं मूळचं मेण काढतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडनं पांढरं करतात. रंग, छपाई त्यानंतर. मध्ये मध्ये धुणं. शेवटी स्टेंटरवर दोन्ही काठ धरून ताणून वाळवणं. हे ताणणंच पुढे आपल्याला नडतं: ओढून रुंद केलेलं कापड पहिल्या पाण्यात मूळ जागी जातं आणि आपण म्हणतो आटलं. सॅनफोराइज करून घेतलं तर यंत्रच कापड आधी दाबून आटवून देतं.

मास्तरांनी दोन तुकडे टेबलावर ठेवले. "कुठला घ्याल?" एक चांगला, साधा. दुसरा लोण्यासारखा, हातातून निसटणारा. वहिनीनं दुसरा उचलला आणि खाली ठेवेना. मीही तोच घेतला असता.

"लंगोटाला?"

"लंगोटालाच तर हवा मऊ."

मास्तरांनी ड्रॉपरनं दोन्हींवर एकेक थेंब सोडला. साध्यावरचा थेंब पडता पडता पसरून नाहीसा झाला. लोण्यावरचा तसाच बसला, अळवाच्या पानावर बसतो तसा, गोल, चकचकीत. आम्ही तिघं त्या थेंबाकडे बघत बसलो. मी मनात आकडे मोजत होते, पस्तीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. तो मऊपणा सिलिकॉन सॉफ्टनरचा होता. सॉफ्टनर धाग्यावर पातळ थर देतं, आणि तो थर पाण्याला आत येऊ देत नाही. (नवा टॉवेल पहिले आठ दिवस अंग पुसत नाही, पाणी नुसतं इकडचं तिकडे करतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.) बाळाचा लंगोट पाणी पीत नसेल तर तो लंगोट कशाला म्हणायचा?

वहिनीनं तुकडा परत ठेवला. पण जाताना त्यावरून पुन्हा एकदा हात फिरवलाच.

लाल छपाईचा विषय काढल्यावर मास्तर थोडे गप्प झाले. रिॲक्टिव्ह रंग आहे, पक्का आहे, पण गडद लाल ओल्या घासण्याला कच्चा पडतो, म्हणाले. "फिका गुलाबी घ्या, आंबा रंग घ्या, छातीठोक देतो." वहिनी म्हणाली, कुंचीला लाल नको तर काय पिस्ता रंग देऊ? आज्या हात लावणार नाहीत. दोघांचंही खरं होतं. शेवटी लाल, आंबा आणि बिनरंगी, तिन्ही नमुने घेतले.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. वरच्या बर्थवर कापडाचे गठ्ठे, खाली आम्ही.

चौथा दिवस, गुरुवार

पहाटे ठाण्याला उतरून लोकल पकडली. मुंबईत कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळा बऱ्याच आहेत. गिरण्यांच्या काळात उद्योगानंच संशोधन संस्था उभ्या केल्या होत्या: अहमदाबादला १९४७ मध्ये अटिरा, मुंबईत १९५४ मध्ये बिट्रा, कोइम्बतूरला सिट्रा. लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, घाटकोपरची बिट्रा आहे. सरकारच्या वस्त्र समितीच्याही प्रयोगशाळा आहेत. आम्ही गेलो त्या प्रयोगशाळेत नमुने देऊन, फॉर्म भरून, पैसे भरून घरी जायचं असतं. पण काउंटरवरच्या मॅडमना बाळंतविडा म्हटल्यावर काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, या आत.

पहिल्या खोलीत नुसतं कापड पसरून ठेवलं होतं. काही चालू नाही, कोणी काही करत नाही. "हे विश्रांती घेतंय," मॅडम म्हणाल्या. तापमान ठरलेलं, हवेतली आर्द्रता ६५ टक्के. कापूस हवेतलं पाणी ओढतो. त्यात साडेआठ टक्के ओल धरायची हा व्यापारातला जुना हिशेब. जुलैत मोजलेलं वजन आणि मे महिन्यात मोजलेलं वजन एक येत नाही, म्हणून आधी सगळ्यांना एका हवेत बसवायचं.

घासण्याचं यंत्र बघून मात्र आम्ही हसलो. नाण्याएवढ्या बोटावर पांढरं कापड गुंडाळलेलं, ते नमुन्यावर दहा वेळा पुढे-मागे. एकदा कोरडं, एकदा ओलं. मग पांढऱ्यावर किती रंग लागला ते करड्या पट्टीशी ताडून बघायचं. ५ म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सत्यानाश. हे तर आमची आई दुकानात थुंकी लावलेल्या रुमालानं करते, आणि दुकानदार "अहो मावशी" म्हणून ओरडतो. घाम मात्र इथे बाटलीत मिळतो. एक आम्ल घाम, एक अल्कली घाम. त्यात भिजवलेलं कापड काचपट्ट्यांमध्ये दाबून ३७ अंशांवर चार तास ठेवतात. बाळांच्या कापडासाठी लाळसुद्धा बनवलेली असते, कारण बाळ दुपट्याचं टोक चघळतं. वहिनीनं मॅडमना विचारलं, चव कशी असते? त्या म्हणाल्या, कोणी बघितली नाही.

परदेशी पाठवायचं तर काय लागेल, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. ॲझो रंगांतले काही असे असतात की ते तुटून घातक अमाइन सोडतात. सगळे ॲझो वाईट नाहीत, ते काही वाईट. जर्मनीनं १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदी आणली, भारतानं १९९७ मध्ये. युरोपात अशा अमाइनची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम. ओको-टेक्स म्हणजे कापडात घातक रसायनं नाहीत असा शिक्का देणारं परदेशी प्रमाणपत्र, त्याच्या यादीत तीन वर्षांखालच्या मुलांचा वर्ग सगळ्यात कडक. त्यात फॉर्मल्डिहाइड सापडताच कामा नये आणि कापडाचा पीएच ४ ते साडेसातच्या आत हवा.

मग कुंची बघून त्या थांबल्या. "याला गळ्याशी बंद आहेत." आहेतच, बंदांशिवाय कुंची राहील कशी? "युरोपात लहान मुलांच्या डोक्याला आणि गळ्याशी दोरी-बंद चालत नाहीत. अडकून फास बसतो." आम्ही कापड, रंग, घाम, लाळ सगळं घेऊन आलो होतो आणि बंद कोणाच्या मनातच आले नव्हते. बटणं बाळ गिळेल म्हणून आम्ही मोठ्या अभिमानानं बंद ठेवले होते.

शेवटी मी लुगड्याचा तुकडा काढला. म्हटलं, यालाही तपासा. नव्याला कशाशी ताडायचं तर याच्याशी. मॅडमनी तो उजेडाकडे धरला. "परत जसाच्या तसा मिळणार नाही. कापावं लागेल." वहिनी म्हणाली, नको. मी म्हटलं, थोडाच. बराच वेळ आम्ही काउंटरवर उभ्या. मागे रांग लागली. मी फॉर्मवर नमुना क्रमांक ७ लिहिलं आणि तुकडा दिला.

पाचवा दिवस, शुक्रवार

मंगलदास मार्केट. पायपिंग, लेस, अस्तराची मलमल. गर्दी, घाम, लिंबू सरबत. एका दुकानदारानं "प्युअर कॉटन" म्हणून दिलेल्या लेसचा धागा वहिनीनं बाहेर येऊन काडीनं पेटवला. कागदासारखा जळून राख होण्याऐवजी वितळून काळा मणी झाला. पॉलिएस्टर. परत जाऊन भांडायला अंगात त्राण नव्हतं. संध्याकाळी पुणे.

सहावा ते अकरावा दिवस

घरीच. रिपोर्ट येईपर्यंत आमची प्रयोगशाळा म्हणजे गॅलरी. प्रत्येक कापडावर न जाणाऱ्या शाईनं पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखला, धुतलं, वाळवलं, मोजलं. तीनदा. कॅम्ब्रिक उभ्यात ४७.२ वर आलं, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर आटलं. आडव्यात जेमतेम दोन. मलमल दोन्हीकडे सारखीच आटली. करंजीचं कोडं सुटलं: आम्ही वरचा थर कॅम्ब्रिक आणि आतला मलमल लावत होतो, आणि तोही एक उभा, एक आडवा, कापड वाचावं म्हणून. दुकानदाराला दिवाळीत जे काही बोललो त्यातलं अर्धं परत घ्यायला हवं. अर्धंच. रंगाचं नाही.

बारावा दिवस

रिपोर्ट मेलवर आला. घातक अमाइन नाहीत, फॉर्मल्डिहाइड नाही. आंबा रंग सगळ्यात पास. लाल कोरडा ४, ओला २-३. मास्तर छातीठोक का बोलले नव्हते ते कळलं. पीएच ८.७, म्हणजे शेवटच्या धुण्यात कॉस्टिक पुरतं निघालं नव्हतं. तान्ह्याच्या कातडीला हे नको. मास्तरांना फोन केला. म्हणाले, शेवटच्या पाण्यात ॲसेटिक ॲसिड वाढवतो आणि वर एक गरम पाणी देतो, पण मीटरमागे दर वाढेल. वाढवा म्हटलं. ८८ पीक आम्ही स्वतः मोजून घेणार, हेही सांगितलं. ते हसले, "मामा आहेत ना तुमचे." लाल आम्ही फक्त कुंचीच्या काठाला ठेवतोय, चघळायला मिळणार नाही तिथे, आणि म्युनिकला जाणाऱ्या कुंचीला बंद नाहीत, म्हणजे ती आता कुंची आहे की टोपी यावर घरात दोन तट आहेत.

नमुना क्रमांक ७: पाणी क्षणात शोषलं. पीएच सातच्या जवळ. आटणं शून्य. आणि पट्टी ताणून तोडायला लागलेली ताकद ८० न्यूटन. शेजारच्या रकान्यात नव्या कॅम्ब्रिकची २८०. दुसऱ्या पानावर शेरा, कापड जीर्ण. मामा घासून म्हणाले होते ते हेच. जे आम्ही मऊ म्हणून गालाला लावत होतो ते खरं तर फाटायच्या बेतात आलेलं कापड होतं, आणि दुकानात असलं कापड कोणी उभं करणार नाही.

कुरियरनं उरलेला तुकडा परत आला. एका कडेच्या पट्ट्या गेलेल्या आणि मधोमध, वजन काढायला गोल तुकडा कापतात त्या कटरनं पाडलेलं एक भोक, छोट्या ताटलीएवढं, इतकं रेखीव गोल की कंपासनं काढावं. आईनं तुकडा उजेडाकडे धरला आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

"हे उंदराचं नाही," ती म्हणाली.

मी सांगितलं सगळं. ग्रॅम, न्यूटन, पीएच. तिनं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि शिवणाच्या डब्यात भोकाएवढा तुकडा शोधायला लागली.